कर्ज फेडलं, तरी पिच्छा सुटेना: अल्पमुदतीच्या कर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून सतत येत असतात. कुणी वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आहे आणि पगार व्हायच्या आत मोबाईलवरून दहा हजार उचललेत. कुणी गटाच्या कर्जाचे हप्ते भरते, कुणी पेरणीला सावकाराचं दार गाठलंय. पैसे फिटल्यावर काय करायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. आपला प्रश्न खाली सापडला तर आधी तो वाचा. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे क्रमांक दिलाय.

१. शेवटचा हप्ता भरला. आता आणखी काही करायचं असतं का?

हो. हप्ता भरला म्हणजे कर्जखातं बंद झालं असं नाही. शेवटच्या हप्त्यानंतरही खात्यावर किरकोळ बाकी राहू शकते: दोन-तीन दिवसांचं व्याज, एखाद्या महिन्यात हप्ता परत गेला असेल तर त्याचा दंड आणि त्यावरचा जीएसटी, कधी नुसते पैसे. ही बाकी कुणी कळवत नाही. सहा महिन्यांनी ती ‘थकबाकी’ म्हणून समोर येते.

म्हणून हप्ता भरल्याच्या आठवड्यात चार कामं उरका. कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागवा आणि शेवटची शिल्लक शून्य आहे का ते बघा. बेबाकीचा दाखला घ्या (प्रश्न २). खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द करा (प्रश्न ४). दिलेले चेक, बाँड, सोनं, मूळ कागद परत घ्या (प्रश्न १४ आणि १५). दीड-दोन महिन्यांनी सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा उतारा, बघायचा, तो भाग प्रश्न १० मध्ये आहे.

मुदतीआधी एकरकमी फेडायचं असेल तर ‘आज किती भरले की खातं बंद होईल’ असा आकडा तारखेसह लेखी घ्या. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका.

२. बेबाकी म्हणजे नेमकं काय? ‘पेमेंट सक्सेसफुल’चा मेसेज चालत नाही का?

नाही चालत. तो मेसेज एवढंच सांगतो की अमुक रक्कम अमुक वेळी गेली. ती कोणत्या कर्जापोटी जमा झाली आणि मागे काही उरलं का, हे त्यातून कळत नाही. बेबाकी, म्हणजेच नो ड्यूज किंवा एनओसी, हे कर्ज देणाऱ्याचं लेखी मान्य करणं असतं की या खात्यावर आता काहीही येणं नाही.

दाखल्यात तुमचं नाव, कर्ज खाते क्रमांक, मूळ रक्कम, खातं बंद झाल्याची तारीख, ‘कोणतीही रक्कम येणे बाकी नाही’ हे स्पष्ट वाक्य आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव असायला हवं. ॲपचं नाव वेगळं आणि कंपनीचं वेगळं असतं. दाखला कंपनीच्या नावाने हवा (प्रश्न ३). ‘सेटलमेंट’ हा शब्द दिसला तर थांबा आणि प्रश्न ११ वाचा.

दाखला नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल फुटतो, हरवतो. एक छापील प्रत काढून शिधापत्रिका, आधार ठेवता त्या पिशवीत ठेवा.

३. मी ॲपवरून पैसे घेतले होते. मला कर्ज देणारा खरा कोण, हे कसं कळेल?

बहुतेक ॲप मध्यस्थ असतात. पैसे एखाद्या बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेत नोंदलेल्या वित्त कंपनीचे असतात. कर्ज मंजूर होताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा तक्ता मिळालेला असतो, ईमेलमध्ये किंवा ॲपच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, वार्षिक खर्चाचा दर, सगळे आकार आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क असतो. तोही सापडला नाही तर बँकेच्या पासबुकात पैसे कुणाच्या नावाने जमा झाले ते बघा.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादी आहे. त्या यादीतली माहिती कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी स्वतः भरलेली असते. ‘आमचं ॲप आरबीआय मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात दिसली तर लक्षात घ्या, रिझर्व्ह बँक कोणत्याही ॲपला मान्यता देत नाही. ॲपमागे नोंदलेली कंपनी आहे की नाही एवढंच यादीवरून कळतं. नसेल तर ते बेकायदा ॲप आहे, आणि पुढचा रस्ता प्रश्न ८ आणि ९ मधला.

नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात जायला हवा. कुणा व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर हप्ता मागितला तर तो भरू नका.

४. खात्यातून हप्ता आपोआप कापला जायचा. तो बंद कसा करू?

आधी तो कशावर लागलाय ते ओळखा. पासबुकात हप्त्यासमोर ‘नॅच’ किंवा ‘एसीएच’ असेल तर तो बँकेमार्फत दिलेला मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची परवानगी, आहे. ‘यूपीआय’ असेल तर ऑटोपे.

ऑटोपे असेल तर ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली त्याच ॲपच्या प्रोफाईलमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट्स’ हा भाग उघडा, कंपनीचं नाव निवडून रद्द करा आणि पिन टाका. रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

नॅच असेल तर नेट बँकिंगमध्ये मँडेटची यादी दिसते, तिथून रद्द करता येतो. नेट बँकिंग नसेल तर शाखेत अर्ज द्या. अर्जात मँडेटचा क्रमांक लिहायचा, तो यूएमआरएन म्हणून ओळखला जातो. मुख्य म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ‘कंपनीकडूनच रद्द करून आणा’ असं काउंटरवर सांगतात. ते ऐकून परत फिरू नका. खातं तुमचं आहे, दिलेली परवानगी मागे घेण्याचा हक्कही तुमचा आहे. बेबाकीची प्रत अर्जाला जोडली की वाद फारसा राहत नाही.

गडबड इथेच होते. मँडेटची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा खूप लांबची लिहिलेली असते आणि कमाल रक्कमही हप्त्यापेक्षा मोठी असते. तीन महिन्यांचं कर्ज फिटलं तरी परवानगी वर्षानुवर्षं जिवंत राहते. खात्यात पैसे नसताना तो मँडेट आला तर बँक हप्ता परत गेल्याचा आकार लावते, तोही तुमच्याच खात्यातून.

एक खबरदारी: कर्ज फिटायच्या आत मँडेट बंद करू नका. हप्ता परत गेला तर दंड लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेला हप्ता पुरेशा शिल्लकेअभावी परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली खटलाही होऊ शकतो.

५. कर्ज फिटल्यावरही एक हप्ता जास्तीचा कापला. परत मिळेल का?

मिळायला हवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. जास्तीच्या कपातीची तारीख, रक्कम, पासबुकातला व्यवहार क्रमांक आणि बेबाकीची प्रत जोडा. त्याच दिवशी मँडेट रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ईमेल न केलेल्यांची अडचण अशी होते की कंपनी ती रक्कम ‘ॲडव्हान्स’ म्हणून दाखवते आणि नवं कर्ज घेतलं की त्यात वळती करू म्हणते. तुम्हाला नवं कर्ज नको असेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘रक्कम माझ्या याच बँक खात्यात परत करावी.’ तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रश्न १८.

६. ॲप काढून टाकलं की विषय संपतो ना?

उलट पुरावा हातचा जातो. आधी ॲपमधून कर्जाचा करार, की फॅक्ट स्टेटमेंट, हप्त्यांचा उतारा आणि बेबाकी उतरवून घ्या. मग खातं बंद करून माहिती पुसावी अशी विनंती ॲपमधून किंवा ईमेलने द्या. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या संपर्क, फोटो, मेसेज, लोकेशन अशा सगळ्या परवानग्या काढा. त्यानंतर ॲप काढा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपने तुमची संपर्क यादी, फोटो-फायली, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन केवायसीपुरतं (ओळख पडताळणीपुरतं) एकदा, तेही तुमच्या संमतीने. ज्या ॲपने संपर्क यादी मागितली होती, त्याच्यापासून पुढेही सावध राहा. ॲप काढलं तरी आधीच गेलेली यादी परत येत नाही.

७. बेबाकी हातात आहे, तरी वसुलीवाले फोन करतात. त्यांना काय सांगायचं?

वाद घालू नका, हात जोडू नका. तीन गोष्टी विचारा: तुमचं नाव, कोणत्या कंपनीकडून आणि कोणता कर्ज खाते क्रमांक. मग एकच वाक्य: ‘हे खातं अमुक तारखेला बंद झालंय, मागणी लेखी पाठवा.’ फोन ठेवा. कॉल रेकॉर्ड करून ठेवा, तारीख-वेळ वहीत मांडा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास, यातलं काहीच चालत नाही. गटाच्या कर्जाला वेळ आणखी आखडती आहे: सकाळी ९ ते संध्याकाळी ६.

बऱ्याचदा घोळ असा असतो की कंपनीने खातं बंद केलेलं असतं पण वसुली एजन्सीकडे जुनीच यादी असते. म्हणून फोनवाल्याशी भांडण्यापेक्षा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि ‘वसुली यादीतून माझं नाव काढावं’ असं मागा. ‘पोलीस पाठवतो, उद्या अटक’ हे खोटं आहे. साधं कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत, आणि तुमचं तर फिटलेलं आहे.

८. माझ्या बहिणीला, गावातल्या लोकांना फोन करताहेत, फोटो खराब करून पाठवू म्हणतात. पैसे देऊन गप्प करू का?

देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते, कारण हा माणूस देतो हे त्यांना कळतं.

लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडेही लेखी तक्रार द्या. धाकदपटशाने पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये, धमकी कलम ३५१ मध्ये येते. बनावट अश्लील फोटो पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७-अ मध्ये मोडतं. तक्रारीत पाठवणाऱ्याचा क्रमांक, यूपीआय क्रमांक, तारीख, वेळ लिहा. चॅट पुसू नका.

आणि घरच्यांना, जवळच्या चार माणसांना आधीच सांगा: ‘माझ्या नावाने घाण फोटो येईल, तो बनावट आहे, पुढे पाठवू नका, मला स्क्रीनशॉट द्या.’ या लोकांचा सगळा धंदा तुमच्या लाजेवर चालतो. बदनामीच्या भीतीने माणसं जीव धोक्यात घालतात, म्हणून हे पुन्हा सांगतो: चूक तुमची नाही. फार एकटं वाटत असेल, नको ते विचार येत असतील तर टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

९. कर्ज फेडलं, आणि न मागता पुन्हा खात्यात पैसे आले. आता आठ दिवसांत दुप्पट मागताहेत.

ती रक्कम खर्च करू नका. बँकेच्या शाखेत त्याच दिवशी अर्ज द्या: ‘ही रक्कम मी मागितलेली नाही, पाठवणाऱ्याच्या खात्यात परत करावी.’ शिक्का घ्या. फोनवर दिलेल्या लिंकवर किंवा वेगळ्या यूपीआय क्रमांकावर परत पाठवू नका. तुम्ही भरलेले पैसे त्यांच्या हिशेबात कधीच दिसत नाहीत आणि मागणी चालूच राहते. मग प्रश्न ८ प्रमाणे सायबर तक्रार करा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर त्या ॲपची माहिती द्या.

नोंदलेल्या कंपनीनेसुद्धा तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जमर्यादा वाढवायची नसते. तुम्ही ‘टॉप-अप’वर, म्हणजे वाढीव कर्जावर, चुकून बोट ठेवलं असेल तर करारातल्या ‘कूलिंग-ऑफ’ काळात, म्हणजे विचार बदलायच्या मुदतीत, ती किमान एक दिवसाची असते, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रक्रिया शुल्क कापता येतं, पण ते की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये आधीच लिहिलेलं असायला हवं.

१०. दोन महिने झाले, सिबिलवर कर्ज अजून चालूच दाखवतंय.

देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. छोट्या ॲपची आणि गटाच्या कर्जाची नोंद चौघींपैकी एकीकडे दुरुस्त आणि दुसरीकडे जुनी, असं वारंवार होतं. चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

१ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांनी ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवायची आहे. त्यामुळे साधारण महिनाभरात ‘बंद’ दिसायला हवं. अहवालात खात्याची स्थिती, बंद झाल्याची तारीख, शिल्लक शून्य आणि थकीत रक्कम शून्य, हे चार रकाने बघा. चूक असेल तर त्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ नोंदवा आणि कर्ज देणाऱ्यालाही बेबाकी जोडून ईमेल करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार केल्याची तारीख जपा, हे ३० दिवस तिच्यापासूनच मोजतात.

जुने उशिराचे हप्ते मात्र पुसले जात नाहीत. अहवालात मागच्या ३६ महिन्यांची हप्त्यांची नोंद दिसते, ती खरी असेल तर कुणीच काढू शकत नाही. ‘पाच हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणणारे तुमचे पैसे आणि आधार, दोन्ही घेऊन जातात.

११. कंपनीने ‘एवढे भरा, मिटवून टाकू’ म्हटलं म्हणून भरले. तरी बँक नवं कर्ज देत नाही.

कारण अहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ लिहिलं गेलंय. याचा अर्थ तुम्ही ठरल्यापेक्षा कमी भरले आणि कंपनीने उरलेलं सोडून दिलं. बँका अशा नोंदीकडे थकबाकीसारखंच बघतात. सोडलेली रक्कम परवडत असेल तर कंपनीला लेखी विचारा की उरलेले भरल्यावर नोंद ‘बंद’ करणार का. होकार लेखी आल्यावरच भरा. आधी भरलं तर हातात काहीच उरत नाही.

सेटलमेंट अजून व्हायची असेल तर पत्र कंपनीच्या नावाने हवं, त्यात रक्कम, शेवटची तारीख आणि ‘यानंतर काही येणं राहणार नाही’ हे लिहिलेलं हवं. वसुली एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर सेटलमेंट होत नाही.

१२. आता दुसरीच कंपनी म्हणते, तुमचं कर्ज आम्ही विकत घेतलं.

थकीत कर्जं विकली जातात, ते कायदेशीर आहे. पण फिटलेलं कर्ज विकता येत नाही. हस्तांतराचं पत्र आणि कोणत्या तारखेला किती बाकी दाखवून विकलं ते मागा. मग बेबाकीची तारीख त्याच्याशी ताडून बघा. बेबाकी आधीची असेल तर जुन्या आणि नव्या दोन्ही कंपन्यांना एकाच ईमेलमध्ये लिहा, म्हणजे एकमेकींकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

१३. गटातलं माझं कर्ज फिटलं, पण दुसरीचे हप्ते थकले म्हणून मला मीटिंगमधून उठू देत नाहीत.

बसवून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. उठून जा. अडवलं तर ११२ वर फोन करा.

तुमच्या नावाचं कर्जखातं वेगळं आहे. लोन कार्डावर शेवटचा हप्ता, सही आणि ‘पूर्ण फेड’ची नोंद घ्या, वर बेबाकी. गट करताना एकमेकींची हमी घेतल्याचा कागद सही केला असेल तर त्याची प्रत मागा, कारण हमी किती आणि कशाची ते त्यातच कळेल. तशी हमी असली तरी तुमच्या फिटलेल्या खात्यावर थकबाकी चढवता येत नाही आणि कार्ड अडवून ठेवता येत नाही. दुसरीच्या हप्त्यासाठी तुमच्याकडून पैसे घेतले तर पावतीवर तिचं नाव लिहून घ्या, नाहीतर ते कुठे गेले ते कधीच कळत नाही.

एप्रिल २०२२ पासूनचे नियम गटकर्जाला स्पष्ट आहेत: मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, उशिराचा दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, वसुली ठरलेल्या जागी. बाई ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जायचं.

१४. एजंटच्या हाती रोख दिले, पावती दिली नाही. आता म्हणतात भरलेच नाही.

रोख दिल्याचा पुरावा जुळवावा लागेल. त्याच दिवशी एटीएममधून काढलेली रक्कम, त्या वेळचे फोन, ‘आलो, घेतले’ असे मेसेज, हजर असलेला साक्षीदार. एजंटला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: ‘१४ तारखेला दिलेल्या ३,५०० रुपयांची पावती अजून मिळाली नाही, कधी देता?’ त्याने ‘देतो’ म्हटलं की पैसे मिळाल्याची कबुली झाली. मग कंपनीला लिहा. आपल्या माणसाने केलेल्या घोळाची जबाबदारी कंपनीवर असते, ‘तो एजंट आमच्याकडून सोडून गेला’ हे उत्तर पुरत नाही.

कोरा चेक दिला असेल तर फेडीनंतर तो लेखी परत मागा. देत नसतील तर बँकेत चेक क्रमांक देऊन ‘पैसे देऊ नये’ अशी सूचना द्या आणि कारणात ‘कर्ज पूर्ण फिटले’ लिहा. तरीही चेक टाकून नोटीस आली तर नोटिसीला १५ दिवसांत उत्तर द्या. चेक न वटल्याचा गुन्हा (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८) देणं शिल्लक असेल तरच टिकतो. इथे बेबाकी हाच बचाव. गप्प बसणं सर्वांत महाग पडतं, कारण उत्तर न दिल्याने प्रकरण न्यायालयात जातं.

१५. सावकाराचे पैसे व्याजासकट दिले, पण बाँड आणि दागिना देत नाही. उलट अजून व्याज मागतो.

आधी बघा, त्याच्याकडे परवाना आहे का. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो. नसेल तर हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवानाधारकालाही वाटेल तो दर लावता येत नाही. शासनाने ठरवलेला वार्षिक दर शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ टक्के, विनातारणीवर १२ टक्के, इतरांना तारणीवर १५ आणि विनातारणीवर १८ टक्के. चक्रवाढ नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. आता गावातला दर बघा. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. पन्नास हजारांवर आठ महिन्यांत २० हजार व्याज होतं. शेतकऱ्याला विनातारणी कायदेशीर दराने ते ४ हजार होतं. वरचे १६ हजार ज्याच्या घरातून गेले त्याच्याच मुलांची फी त्यात गेली, हे विसरू नका.

फेडीनंतर सावकाराने कागद रद्द केल्याची खूण करून परत द्यायचा, गहाण वस्तू सोडायची. देत नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करा. किती घेतले, किती आणि कधी दिले, काय गहाण आहे, साक्षीदार कोण, हे तारखेनिशी लिहा.

वित्त कंपनीची तक्रार मात्र इथे नेऊ नका. रिझर्व्ह बँकेत नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

१६. कर्जापोटी शेताचं खरेदीखत करून दिलं होतं. पैसे फिटले, पण जमीन परत देत नाही.

व्याजाच्या व्यवहाराला खरेदीचं रूप देणं ही जुनी पद्धत आहे, आणि कायद्याने ती ओळखली आहे. सावकारी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मागच्या १५ वर्षांत सावकारीच्या ओघात जमीन घेतल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर जिल्हा निबंधक, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, ती परत देण्याचा आदेश काढू शकतात. त्याविरुद्ध महिनाभरात विभागीय सहनिबंधकांकडे अपील होतं.

अर्जासोबत खरेदीखत, सातबारा, फेरफार आणि व्यवहार कर्जाचा होता हे दाखवणारं काहीही जोडा: व्याज दिल्याच्या नोंदी, बँक उतारे, साक्षीदार. एक गोष्ट नेहमी उपयोगी पडते. खरेदी झाल्यावरही शेत तुमच्याच ताब्यात होतं, पीक तुम्हीच घेतलं, पीक पाहणी तुमच्या नावे आहे, हे असेल तर ‘खरी विक्री’ असल्याचा दावा लुळा पडतो. खरेदीची किंमत आणि त्या वर्षीचा शासकीय बाजारमूल्य दर यातला फरकही दाखवा.

१७. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल. हंगाम संपला, तरी ‘अजून फिटली नाही’ म्हणतो.

बीड आणि धाराशिवकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो. उचल ही मजुरीतून वळती होणारी आगाऊ रक्कम. हिशेब साधा आहे: तोडलेले टन गुणिले टनाचा दर, त्यातून उचल वजा. घोळ होतो तो खाड्याच्या कपातीत आणि टनाच्या आकड्यात, कारण वही मुकादमाकडे असते. प्रत्येक खेपेच्या वजनपावतीचा मोबाईलवर फोटो काढा, उचल घेतली ती तारीख आणि रक्कम साक्षीदारासमोर लिहून ठेवा. एका कोयत्यावर नवरा-बायको दोघं राबतात, म्हणून हिशेबाची वही दोघांनी बघावी.

‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ म्हणून अडवलं, पोरांना किंवा बैलजोडीला ठेवून घेतलं, तर हा वेठबिगारीचा विषय होतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याप्रमाणे असं कर्ज आपोआप संपुष्टात येतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायची.

१८. कुणाकडे तक्रार करायची, हेच कळत नाही.

कर्ज कुणी दिलं त्यावर ते ठरतं. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर आधी त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँक लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर. माहितीसाठी १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाच्या कक्षेत न बसणाऱ्या छोट्या वित्त कंपन्यांची तक्रारही याच पोर्टलवर टाकायची, ती रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या कक्षाकडे जाते. कंपनीकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यामुळे तक्रारी फेटाळल्या जातात, आणि फार उशीर केला तरी.

पतसंस्था असेल तर लोकपाल नाही, सहकार खात्याचे निबंधक. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर केंद्रीय निबंधक. सावकाराचं प्रश्न १५ मध्ये, बेकायदा ॲपचं प्रश्न ८ मध्ये आहे. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घेता येतो.

१९. पीककर्ज फेडलं, सातबाऱ्यावरचा बोजा तसाच आहे.

बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र घ्या आणि गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या, किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा उतरवून खात्री करा. वैयक्तिक कर्जासाठी ठेवलेले मालमत्तेचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत करायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

२०. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुका न्यायालयात समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे अर्जदार यांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करून चौकशी करा. जाताना कर्जाचा करार, पासबुक, बेबाकी आणि केलेल्या तक्रारींच्या शिक्क्याच्या प्रती न्या. कागद नसतील तर तारखांची एक यादी हाताने लिहून न्या, तेवढ्यावरही काम सुरू होतं.